तुझ्या नावाने बोललेला नवस

१८ डिसेंबर
व्हिएन्तियान, इस्पितळाचा व्हरांडा

बुआलोय,

पत्र फाडायच्या आधी एवढी एक ओळ वाच. माली इस्पितळात आहे आणि चार दिवस झाले, तिने डोळे उघडलेले नाहीत.

आता सविस्तर सांगतो. गेल्या आठवड्यात खळ्यावर पेंढ्या रचताना डोकं दुखतंय म्हणाली. मी कपाळाला हात लावला आणि म्हटलं, थंडी बाधली असेल, शेकोटीजवळ बस. दुसऱ्या दिवशी तिची मान वळेना. तिसऱ्या दिवशी ती मला आजोबा म्हणून हाका मारायला लागली. पाकसानच्या दवाखान्याने हात वर केले आणि गाडीत घालून इथे पाठवलं. इथली डॉक्टरीण अगदी तरुण आहे. ताप मेंदूत शिरलाय म्हणते. औषध सुईतून चालू आहे. किती दिवस लागतील म्हणून मी तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "काका, मला ठाऊक असतं तर तुम्हाला विचारावं लागलं नसतं."

हे पत्र तुझ्या केओमावशीच्या टोपलीतून येतंय. तिच्यावर रागावू नकोस. दर तिसऱ्या दिवशी ती पुलावरून पलीकडे थायलंडात, नोंगखायला मालाला जाते, हे मला बाजारातल्या बायकांनी सांगितलं. मी तिला तुझा फोन नंबर मागितला. ती म्हणाली, नंबर देऊ नकोस असं पोरीने बजावलंय. पत्र नेऊ नकोस असं काही बजावलेलं नाही, आणि मी म्हातारी, सांगितलं तेवढंच मला कळतं.

तू गेल्यापासून पाच वर्षांत मी तुला काही मागितलं नाही. आज मागतो. तो नवस अजून फिटलेला नाही. माली तीन वर्षांची असताना याच शहरात अशीच तापाने पडली होती, तेव्हा सी मुआंगच्या विहारात बोललेला नवस. मुलगी उठली तर तिची आई केस उतरवेल, पांढरी वस्त्रं नेसेल आणि तीन महिने विहारात राहील. मुलगी उठली. केस उतरले नाहीत. नऊ वर्षं झाली. आता पुन्हा तेच शहर, तेच थंडीचे दिवस, तीच मुलगी. मी काय समजायचं ते तूच सांग.

ये. नवस फेड. बाकी कशाबद्दल मी अवाक्षर काढणार नाही.

सिथोन


२१ डिसेंबर

बुआलोय,

मावशी काल परत आली. तू पत्र खाणावळीच्या चुलीपाशी उभ्या उभ्या वाचलंस, घडी करून कमरेला खोचलंस आणि शेवयांच्या रश्श्याचे बारा वाडगे विसळलेस, असं तिने सांगितलं. मग तू एवढंच म्हणालीस, "नवस बोललं कोण, ते त्यांनी लिहिलेलं नाही. ते लिहायला सांग."

माली तशीच आहे. काल ताप थोडा उतरला होता, आज पुन्हा चढला. सुई बसवायची जागा मिळेना म्हणून नर्सने तिच्या मनगटांवरचे दोरे कात्रीने कापले. गावाहून निघताना सगळे जमले होते, शरीरातल्या बत्तीस प्राणांना परत या अशा हाका मारून प्रत्येकाने तिच्या हाताला पांढरा दोरा बांधला होता. ते कापायचे नसतात हे नर्सलाही माहीत होतं. कापताना ती हळूच "माफ कर गं बाळ" म्हणाली. मी तुकडे गोळा करून खिशात ठेवलेत. त्यांचं काय करायचं ते मला कळत नाही.

तू विचारलंस ते लिहितो. नवस मी बोललो.

तू तेव्हा तिच्या खाटेशी होतीस. सहा दिवस तू तिथून हलली नव्हतीस. मी इथेतिथे फिरत होतो, कारण मला तिथे बसवत नव्हतं. फिरत फिरत सी मुआंगला गेलो. केळी, नारळ, झेंडू घेतला. तिथली ती झिजलेली दगडी मूर्ती गादीवर असते. मनातलं बोलून ती तीनदा उचलायची, हलकी लागली तर मागणं ऐकलं गेलं. मी पहिल्यांदा म्हटलं, मुलगी वाचली तर दोन रेडे सोडीन. मूर्ती जड लागली. मग म्हटलं, विहाराच्या छपराला कौलं घालीन. जडच. मग माझ्या तोंडून निघून गेलं की तिची आई केस उतरवेल. आणि खरं सांगतो, ती पिसासारखी वर आली.

मूर्ती हलकी का लागली याचा विचार मी तेव्हा केला नाही. आता करतो. मी पेलायचं होतं ते जड होतं. तू पेलायचं होतं ते हलकं होतं.

तुला हे मी गावाकडे परतताना बसमध्ये सांगितलं. आनंदाची बातमी सांगावी तसं सांगितलं. माली तुझ्या मांडीवर पाव खात होती. तू खिडकीबाहेर बघत म्हणालीस, "तुमच्या डोक्यावर केस नव्हते का?"

मी त्यावर हसलो होतो. मला वाटलं, तू थट्टा करतेयस.

झालं लिहून. आता ये. नवस कोणीही बोललेला असो, देवाला तो ऐकू गेलाय. रागावायचं तर माझ्यावर रागाव, पण मुलीचा जीव मध्ये ठेवू नकोस.

सिथोन


२४ डिसेंबर, उपोसथाचा, व्रताचा दिवस

बुआलोय,

या खेपेला तू मावशीशी एक शब्दही बोलली नाहीस म्हणे. पत्र मात्र घेतलंस.

मालीचा श्वास आज सकाळी अडकत होता. नळी घातली आहे. डॉक्टरीण मला बाहेर घेऊन गेली. तिने बसायला सांगितलं, तेव्हाच मी समजलो. ती म्हणाली, "काका, घरात आणखी कोणी असेल तर बोलावून घ्या. मी आशा सोडलेली नाही, पण बोलावून घ्या." तुझ्याबद्दल विचारलं. मी म्हटलं, येतेय, वाटेत आहे. खोटं बोललो. पंचशील घेतल्याला एक तासही झाला नव्हता.

सकाळी मी नदीकाठाने सी मुआंगला गेलो होतो. थंडी अशी होती की भिक्खूंनी चीवरासोबत टोप्या आणि मोजे घातले होते. भिक्षा घालणाऱ्या बायका गुडघ्यांवर बसून हातांवर फुंकर मारत होत्या. नदी पार खाली गेलीय. वाळवंटावर लोकांनी कोथिंबिरीचे, कांद्याचे वाफे केलेत. माणसं अंगाला शाल गुंडाळून झारीने पाणी घालत होती. त्यांचं सगळं नेहमीसारखं चाललंय याचा मला राग आला. बारा वर्षं चीवरात काढलेल्या माणसाला परक्याच्या कांद्याचा राग आला.

विहारात पांढऱ्या वस्त्रातली एक वृद्धा आहे, मेणबत्त्यांचं मेण खरवडत बसलेली असते. तिच्याशी नवसाबद्दल बोललो. ती काय म्हणाली ते भेटलीस की सांगेन. आत्ता ते महत्त्वाचं नाही.

तुझ्याशी एक गोष्ट मी आजवर मान्य केलेली नाही, ती करतो. त्याने तरी तुझं पाऊल उचलेल. आपलं दुसरं मूल पोटातच गेलं त्या दिवशी सुईणीने तुला भिंतीला टेकवून बसवलं होतं. तुझे ओठ पांढरे पडले होते. मी दारात उभा राहून म्हणालो, "नवसाने आपला वाटा घेतला." लोक विचारतात तेव्हा मी सांगतो, बायको काही न बोलता निघून गेली. तू काही बोलली नाहीस हे खरं. पण आधी मी बोललो होतो.

त्याच्याआधीही बोलत होतोच. म्हैस मेली तेव्हा बोललो. मालीला खोकला झाला की तुझ्या वेणीकडे बघायचो. गावातल्या बायका पाणवठ्यावर तुला विचारायच्या, कधी फेडतेस गं, देव काय तुझा नोकर आहे थांबून राहायला? त्यांना ते मीच सांगितलं होतं.

हे सगळं माझ्या पदरात घाल. पण ये आणि केस उतरव. दुसऱ्या कोणाच्या हातात हे नाही, फक्त तुझ्या आहे. मी तुझ्या पाया पडतो.

सिथोन


२६ डिसेंबर

बुआलोय,

परवाच्या पत्रात मी लपवाछपवी केली. दोन दिवस मालीच्या खाटेशी बसलोय आणि तेच आठवतंय, म्हणून लिहितो.

त्या वृद्धेने मला विचारलं, "नवस बोललास तेव्हा बायको शेजारी होती?"

मी म्हटलं, नाही.

"तिला विचारलं होतंस?"

नाही.

"नंतर ती हो म्हणाली?"

कधीच नाही.

ती मेण खरवडत राहिली. मला वाटलं, तिचं बोलून झालं. मग म्हणाली, "शेजारणीच्या परसातली केळी तू न विचारता देवापुढे ठेवलीस आणि वर तिलाच म्हणत राहिलास, तुझं देणं राहिलंय. नवस ज्याच्या तोंडून निघतो त्याच्या अंगाला लागतो, बाबा. तिच्या अंगाला काही लागलंच नव्हतं. आणि तुझा म्हणावा, तर तू तुझं काहीच देऊ केलं नाहीस. मग नवस कुठला? तू नुसता बोललास."

मी विचारलं, मग तेव्हा मुलगी उठली कशी?

"ताप उतरला असेल," ती म्हणाली.

म्हणजे नवस नव्हताच. नऊ वर्षं नव्हता. म्हैस तिच्या तिच्या रोगाने मेली. आपलं बाळ, ते का गेलं हे कोणालाच ठाऊक नाही, आणि मी तुला ठाऊक असल्यासारखं सांगितलं. चेतना हेच कर्म, हे मी विहारात पोराटोरांना शिकवलंय. ज्याच्या मनात धरलं त्याचंच कर्म. घरी तेवढं आठवलं नाही.

मी म्हटलं, आता माझं डोकं भादरतो, मी बोलतो नवस माझ्या नावाने. ती म्हणाली, "आता काही बोलू नकोस. मुलीपाशी जाऊन बस."

हे मी तुला परवाच लिहायला हवं होतं. लिहिलं नाही, कारण तुला बोलावायला माझ्या हातात एवढी एकच दोरी होती. ती सोडली तर तू कशासाठी येशील, असं वाटलं. माझ्यासाठी तर येणार नाहीस.

केसांचं शेवटचं राहिलंय तेही लिहितो. रेडे नाही, कौलं नाही, तुझे केसच माझ्या तोंडी का आले? तुला पहिल्यांदा बघितलं त्या थंडीत मी सव्वीस वर्षांचा भिक्खू होतो आणि तू पाणवठ्यावर आंबवलेल्या भाताच्या पाण्याने केस धूत होतीस. मी खाली मान घालून जायला हवं होतं. वर्षभराने चीवर उतरवलं. त्याचा पश्चात्ताप झाला नाही असं मी सगळ्यांना सांगत आलो. थोडा होता. जाळीत अडकलेल्या काट्याएवढा. त्या दिवशी मूर्तीपुढे मी तुझे केस दिले, ते मालीसाठी दिले हे खरं, पण त्यात जुना हिशेबही चुकता करत होतो. तुला ते बसमध्येच कळलं होतं, असं आता वाटतं.

आणि सगळ्यांत वाईट. तू निघालीस तेव्हा मालीचा हात धरून निघाली होतीस. मी म्हटलं, तिला नेशील तर ती वाटेत मरेल, नवस फिटलेला नाही. तू तिचा हात सोडलास. लोक तुला मुलीला टाकून गेलेली म्हणतात. मी त्यांना म्हणू दिलं. तू पाठवलेले कपडे मावशीने पाठवले म्हणून मी तिला देत आलो.

तुझ्याकडे देवाचं काही देणं नाही. कधीच नव्हतं. केसाला हात लावू नकोस. यायचं तर मुलीला बघायला ये, नाही आलीस तरी मला बोलायला तोंड नाही. डॉक्टरीण आज मालीच्या पायाला टोचून बघत होती. पाय हलला नाही.

मावशी उद्या सकाळी निघेल. तिच्या टोपलीत हे पत्र सगळ्यांत वर ठेवायला सांगितलंय.

सिथोन


२७ डिसेंबर, दुपार
जिन्याखालून

बुआलोय,

तू वर आहेस आणि मी खाली बसून तुला पत्र लिहितोय. खाटेशी एकालाच बसू देतात, हे बरं आहे.

सकाळी मी नळावर मालीचे कपडे पिळत होतो. व्हरांड्याच्या टोकाकडून पांढऱ्या वस्त्रातली कोणी उपासिका येताना दिसली. डोकं भादरलेलं, भुवयाही नाहीत, थंडीने कान लाल झालेले. मी ओले हात पुसले, जोडले आणि कमरेत वाकलो, पांढऱ्या वस्त्राला वाकतात तसा. मला वाटलं, आजाऱ्यांसाठी सूत्र म्हणायला आली असेल. तू थांबलीस आणि म्हणालीस, "मालीची खाट कुठली?"

आवाजावरून मी तुला ओळखलं. तोवर वाकलेलाच होतो. मग मला सरळ होता येईना.

मावशी तेव्हा फाटकाजवळ पुलाकडे जाणाऱ्या गाडीची वाट बघत उभी होती, टोपली डोक्यावर. तिने तुला बघितलं आणि टोपली खाली ठेवली. ते पत्र अजून त्या टोपलीतच होतं.

तू फाटकाशी तिला सांगितलंस, तिच्याकडूनच मला बाकीचं कळलं. माझं चोवीस तारखेचं पत्र वाचून तू वाडगे तसेच टाकलेस, मालकिणीला सांगितलंस आणि नोंगखायच्या विहारात गेलीस. तिथल्या वडीलधाऱ्या उपासिकेने केस उतरवले. तू कशासाठी ते सांगितलंस, तेव्हा ती म्हणाली, तीन महिने इथे राहायचं ते राहशीलच, आधी मुलीला बघून ये. तेच चोवीस तारखेचं पत्र. ज्यात मी लिहिलं होतं, सी मुआंगची ती वृद्धा काय म्हणाली ते भेटलीस की सांगेन. तेव्हाच खरं लिहिलं असतं तर तुझे केस आज डोक्यावर असते.

तू वर गेल्यावर मी दाराच्या काचेतून बघितलं. बघायला नको होतं, पण बघितलं. तू तिच्या कानाशी काही बोलत होतीस. खूप वेळ बोलत होतीस. मग नर्स धावत गेली आणि डॉक्टरीण आली. मला वाटलं, संपलं.  डॉक्टरीण बाहेर आली आणि म्हणाली, तिने घोट गिळला आणि पापणी हलवली. मी डॉक्टरिणीचा हातच धरला. ती म्हणाली, "काका, हे चांगलं लक्षण असू शकतं. असू शकतं म्हणाले मी. ताप अजून आहे."

मावशी तेवढ्यात रडायला लागली. म्हणाली, "बघ, नवस फिटला. लगेच फिटला." मग माझ्या शेजारी बसली आणि टोपलीतून ते पत्र काढलं. यात काय आहे विचारलं. मी सांगितलं.  तिने डोळे पुसले. मग म्हणाली, "हे चुलीत घालू. तिला कशाला कळायला हवं? केस काय परत चिकटणार आहेत? मुलगी उठली तर तिला वाटेल, मी उठवली. नाही उठली तर वाटेल, माझ्याकडून कसर राहिली नाही. कुठूनही तिला बरंच आहे ना रे, सिथोन?"

ती खोटं बोलत नव्हती. मी तिच्याकडून पत्र घेतलं आणि आवारात विटांच्या चुली पेटल्या आहेत तिकडे गेलोही. एक बाई भात शिजवत होती. तिने मला जागा करून दिली. तिला वाटलं, थंडीत शेकायला आलाय.

चुलीपाशी बसून मी विचार केला. पत्र जाळलं तर तुझं समाधान राहील, हे खरं. पण माझंही राहील. तू नवस मानलास म्हणजे नवस होता, म्हणजे मी नऊ वर्षं बरोबर होतो, म्हणजे कदाचित तू गावाकडेही येशील. सगळं माझ्या सोयीचं. आणि पुन्हा ठरवणार मीच की तुला काय पुरे आहे.

एकदा तुला न विचारता तुझं काही देऊन टाकलं. आता तुला न विचारता तुझ्यापासून काही लपवायचं, हे त्याच जातीचं आहे.

सोबत कालचं पत्र आहे. आधी ते वाच, मग हे. तू पांढऱ्यात आहेस, तुझ्या हातात मी काही थेट देऊ शकत नाही, म्हणून मावशी आणतेय. ती माझ्यावर चिडलेली आहे. बोलेल काहीबाही, ऐकून घे.

विहारातले तीन महिने पुरे करायचे की नाहीत, ते तुझं तू ठरव. केस वाढवायचे की नाहीत, तेही. माली उठली तर ती कोणाकडे राहील हे तिला आणि तुला विचारू, मी मध्ये बोलणार नाही. नाही उठली तर ते तुझ्यामुळे नाही, हे मी तुझ्यासमोर आणि सगळ्या गावासमोर सांगेन, पाणवठ्यावर उभा राहून सांगेन.

हे वाचून तू मला इथून जा म्हणालीस तर मी फाटकाबाहेर जाऊन बसेन. मालीपासून त्याच्यापेक्षा लांब जाणार नाही. एवढं एकच मी बोलतो, आणि ते माझ्या नावाने.

सिथोन